सोमवारचा फोन

धुण्याच्या साबणाचा वास आला की मला दिल्लीच्या मुनिरका वस्तीतली गच्ची आठवते. बीए झाल्यावर मी तिथे वर्षभर मिशनरी होतो. आठवडाभर घरोघर भेटी, रविवारी चर्च आणि सोमवारी गच्चीवर कपडे धुता धुता घरी एकच फोन, असा नेम होता. घरातला पहिला पदवीधर नोकरी न बघता दिल्लीला गेला, म्हणून वडील फोनवर यायचेच नाहीत. एका सोमवारी मी जवळजवळ ओरडलोच, "आई, काल मी भर चर्चमध्ये हिंदीत उपदेश केला!" तर पलीकडून वडिलांचा आवाज आला, "मग साहेब, आम्हाला कोण ऐकवणार?" फेसाळल्या हातांनी फोन धरून मी अख्खा उपदेश पुन्हा केला. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी नवा तयार ठेव." ओल्या कपड्यांमधून मी अक्षरशः नाचलो. अजूनही कुठे बोलायचं असलं की आधी त्यांनाच ऐकवतो.