आजोबांच्या आशची आमंत्रणं

तोल्कुनचा सर्व्हर आजोबांच्या खोगिरांच्या खोलीत होता. नारीन शहरातल्या बेचाळीस जणांच्या वेबसाइट आणि ईमेल त्या एका यंत्रावर चालत: कुणाचं अतिथिगृह, कुणाचा दातांचा दवाखाना, कुणाची लोकरीच्या नमद्यांची संस्था. नऊ वर्षं ती एकटीच ते सांभाळत होती. बिऱ्हाडं बेचाळीस, पण बाहेरच्या जगाला दार एकच दिसायचं. एकाने घाण केली की सगळ्यांचंच येणं-जाणं बंद.

मंगळवारी दुपारी नमदेवाल्या झूराकान एजे, सगळ्यांच्या थोरल्या ताई, धापा टाकत आल्या.

"अगं, माझं पत्र परत आलं! सहापर्यंत होकार गेला नाही तर हस्तकला मेळाव्यातली जागा दुसऱ्याला देणार. बाराजणींनी हिवाळाभर लोकर लाटलीय."

"दुसऱ्या ईमेलवरून पाठवा ना, एजे."

"नोंदवलेल्या पत्त्यावरूनच हवंय म्हणे मेल्यांना!"

तोल्कुनने नोंदी उघडल्या. सकाळपासून एकाच खात्यातून अडीच हजार पत्रं सुटली होती. खातं शारशेन अबांचं, तिच्या थोरल्या काकांचं. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं, आशच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या जेवणाचं आमंत्रण होतं ते. सात पिढ्यांच्या गोतातलं एकही घर सुटू नये म्हणून अबांनी महिनाभर पत्ते गोळा केले होते. त्यातले निम्मे कधीच बंद पडलेले. साहजिकच मोठ्या ईमेल कंपन्यांनी या सर्व्हरला भामटा ठरवून त्याची पत्रं नाकारली होती.

तिने फोन लावला.

"अबा, आमंत्रणं थांबवा."

"थांबवू? वरच्या गावांना गेली, खालच्यांना नाही. ते काय म्हणतील? म्हातारा गेला तसे आम्हाला विसरलात?"

"त्यांना फोन करू आपण."

"अकराशे घरांना? आणि ती खोली कुणाची आहे गं?"

तिने फोन ठेवला. खोगिरं बाजूला सारून ती खोली आजोबांनीच दिली होती.

बंदी उठवायच्या अर्जात एकच प्रश्न होता: त्रास देणारं खातं बंद केलं का? रांगेत अजून अकराशे पत्रं अडकली होती. त्यात आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या घराचा पत्ताही होता. तोल्कुनने यादी उतरवून घेतली, रांग पुसली, अबांचं खातं बंद केलं आणि अर्जात 'हो' लिहिलं.

पावणेसहाला बंदी उठली. एजेंचं पत्र गेलं. त्यांनी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि त्या पळाल्या.

त्यांच्या पाठोपाठ अबा आले. तिच्याकडे न बघता त्यांनी भिंतीवरचं आजोबांचं खोगीर उतरवलं.

"हे इथे नको," म्हणाले आणि ते घेऊन गेले.

तोल्कुनने यादी पुढ्यात ओढली. पहिला फोन तिने त्या धाकट्या आजीला केला. तिने आशचं आमंत्रण तोंडी दिलं.

"थोरला मुलगा ना तो? मग शारशेन स्वतः का नाही बोलला?" आजीने विचारलं.

तोल्कुनने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.