आधी त्यायचं ताट

कोकिळाबाईंनी कालपासून अन्नाला हात लावला नव्हता. बाहेरच्या खोलीत त्यांची लेक नमिता लॅपटॉपसमोर बसली होती आणि पडद्यावर स्पॅनिशमधलं एक वाक्य उघडं होतं. फोटोतला जो भाग उजेडाने जळून पांढरा झाला, तिथे परत आणण्यासारखं काही उरत नाही, असा त्याचा अर्थ. तिने त्याचं इंग्रजी केलं, शब्द पुन्हा तपासले, आणि उठून आईसाठी परत ताट वाढायला गेली.

हिंगणघाटच्या पोरीला स्पॅनिश आलं कुठून, हे कोडं शेजारच्या कमलाबाईंना अजून सुटलेलं नाही. त्यात कोडं कसलं? पुण्यात नोकरी होती, कंपनीचं गिऱ्हाईक स्पेनमधलं, शिकावं लागलं. शिकली. वडील गेल्यावर आईला एकटं ठेवता येईना, म्हणून नोकरी सोडून घरी आली आणि घरूनच भाषांतरं करू लागली. सध्या कॅमेऱ्याच्या एका कंपनीचं जाडजूड माहितीपत्रक होतं. फोटो चांगला कशाला म्हणायचं, वाईट कशाला, फोटोत पडलेल्या दाण्यांना काय म्हणायचं, कडा फाटल्या तर काय म्हणायचं. फोटो बिघडण्याचे किती प्रकार असतात आणि प्रत्येकाला कसं नेमकं नाव असतं, हे नमिताला दोन भाषांत पाठ झालं होतं. उपयोग शून्य.

वडील म्हणजे हरिभाऊ. जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापूस मोजायचे. तरुणपणी यंत्राचा तुटलेला पट्टा गालावर बसला, त्याचा वण कानापासून ओठापर्यंत होता. डावा डोळाही त्यामुळे जरा बारीक झालेला. कोकिळाबाई लग्न झाल्यापासून त्यांच्या आधी कधी जेवल्या नाहीत. बरं होतं की वाईट, तो वाद आता कुणाशी घालायचा? हरिभाऊ गेले तरी बाईंचा नेम सुटला नाही. ताट वाढायचं, फोटोपुढे ठेवायचं, घटकाभर थांबायचं, मग स्वतः बसायचं. हळूहळू कोकिळाबाईंची स्मृती विरत चालली. गॅस कसा पेटवतात ते गेलं, गल्लीतली माणसं गेली, नेम तेवढा राहिला.

आणि काल सकाळी त्यांनी ताट हातात घेतलं, फोटोकडे पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हा कोन मानूस हाये व? आपल्या घरात कायले टांगला?"

"माय, बाबा हायेत ते."

"जाय तिकडं. मी काय त्यायले वळखत नाई? हा कोनी परका हाये. ते गावाले गेले, अल्लीपूरले. त्यायचं जेवन नाई झालं तं मी कशी जेवू?"

यात त्यांचं काय चुकलं, सांगा. आपल्याकडे मेलेला माणूस जसा होता तसा भिंतीवर जातो का कधी? तेरवीसाठी फोटो मोठा करायचा होता तेव्हा नमिताचा भाऊ निशांत फोटो स्टुडिओत गेला आणि तिथल्या रोशनला म्हणाला, "भाऊ, बाबाले मस्त बनव." रोशनने मस्त बनवलं. वण पुसला, डोळे सारखे केले, केस काळे केले, रंग चांगला दोन छटा उजळ केला आणि जन्मभर सदऱ्यात वावरलेल्या माणसाला कोट-टाय घातला. तेरवीला आलेला जो तो म्हणे, हरिभाऊ साहेब दिसते. नमितानेही तेव्हा मान डोलावली होती. कोकिळाबाईंना हे आपले आहेत हे ठाऊक होतं तोवर चाललं. आता ठाऊक असणं संपलं, नुसतं दिसणं उरलं, आणि दिसण्यात तिथे हरिभाऊ नव्हतेच.

नमिता कालच रोशनकडे धावली होती. मूळ फोटो दे म्हणाली.

"ताई, माह्याच कॅमेऱ्यातला होता, पन त्याच फाइलवर सेव्ह केला ना मी," रोशन ओशाळून म्हणाला. "काम झाल्यावर मूळचं कोन ठेवते?"

दुसरा फोटो म्हणाल तर हरिभाऊंना कॅमेऱ्याचं वावडं. लग्नाकार्यात फोटोवाला आला की हा माणूस वाढायला पळायचा. आधार कार्डावर होता, पण त्या फोटोत जित्या माणसाला घरचे ओळखत नाहीत. निशांतच्या मोबाइलवर एका बारशातला सापडला, दहा जणांकडून फिरून आलेला, चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. नमिताने तो जुने फोटो सुधारणाऱ्या एका ॲपला दिला. ॲपने क्षणात एक देखणा, तुकतुकीत म्हातारा काढून दिला. आईपुढे धरला तर तिने डोक्यावर पदर घेतला, "पाहुन्यायले पानी दे," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

आज डॉक्टर येऊन गेले. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करा, नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले. नागपूरहून निशांत फोनवर म्हणाला, "मंग लावून टाकू नळी. काय करतं?" त्याला काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. आईचे हात पलंगाला बांधल्याशिवाय ती नळी राहणार नाही, हे नमिताला दिसत होतं. भरवायला जावं तर आई दात घट्ट मिटून घेई. नमिताने हात जोडले, रागावून पाहिलं, शेवटी ताटापाशीच बसून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको व बाई. ते आले की मी जेवते."

दुपारी ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसली, कारण बसलं नाही तर डोकं फुटेल असं तिला झालं होतं. पुढचा शब्द होता मिनिआतुरा. इंग्रजीत थंबनेल, सोपा. खालचं स्पष्टीकरण तिने यंत्रासारखं उतरवलं. फोटो काढला त्याच क्षणी कॅमेरा त्याची एक इवलीशी प्रत फाइलच्या पोटात ठेवतो. काही जुनी सॉफ्टवेअर मोठा फोटो बदलतात, पण पोटातली प्रत बदलायची विसरतात. ती पुढच्या ओळीवर गेली, आणि मागे आली. मग कमलाबाईंना आईपाशी बसवलं आणि पायात चप्पल घातली.

"रोशनभाऊ, तुह्यं ते फोटोचं सॉफ्टवेअर जुनं हाये ना?" तिने गाडीवर बसता बसता फोन लावला.

"जुनंच हाये ताई. काऊन? फाइल व्हॉट्सॲपवर टाकू?"

"नाई नाई, व्हॉट्सॲप पोटातलं सगळं धुऊन टाकते. मी येऊन राह्यली पेनड्राइव्ह घेऊन."

स्टुडिओतच तिने ती फाइल उघडली. मोठा फोटो कोटातला, आणि पोटातून निघाला तिकिटाएवढा एक चेहरा. दाणेदार, मंद, तिच्या माहितीपत्रकाच्या हिशेबाने सपशेल नापास. पण कानापासून ओठापर्यंत वण होता. डावा डोळा बारीक होता. बाबा होते. रोशन पाणी घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला.

"मोठा करून देऊ का?" त्याने मग विचारलं.

"हात नको लावू त्याले," नमिता म्हणाली. "हाये तेवढाच छाप."

घरी येऊन तिने तो छोटा फोटो, घरोघरी खोचतात तसा, मोठ्या फ्रेमच्या कोपऱ्यात काचेवर खोचला. ताट वाढलं, वरण-भात, वर तूप. आईला हाताला धरून आणलं. कोकिळाबाई पुढे झाल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा उमलला.

"आले व," त्या म्हणाल्या. बोट त्या वणावरून फिरवलं. "कितीक उशीर केला."

नमिताचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात आईचं बोट थांबलं. मोठ्या फ्रेमवर चंदनाचा हार होता, तेरवीपासूनचा. त्याची एक बाजू छोट्या फोटोवर आली होती. ही गोष्ट नमिताच्या ध्यानातच आली नव्हती.

"त्यायले हार काऊन घातला?"

नमिताने हाराकडे हात नेला. आईने तिचं मनगट धरलं. "नमे, त्यायले हार काऊन घातला? काय झालं त्यायले? मले काऊन नाई सांगतलं कोनी?"

दिवसभर नेमका शब्द शोधून पोट भरणाऱ्या त्या पोरीने छोटा फोटो हाराखालून ओढून काढला आणि आईच्या मुठीत दिला.

"बाबाले नाई व माय. हार त्या कोटवाल्याचा हाये. तो वारला."

"मंग हे?"

"हे अल्लीपूरले हायेत. तिकडंच जेवले. तुले जेवून घे म्हने."

"जेवले ना? खरं?"

"पोटभर जेवले."

कोकिळाबाई पाटावर बसल्या. एका मुठीत फोटो तसाच धरून दुसऱ्या हाताने त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. नमिता भिंतीला टेकून बघत होती. खाता खाता त्यांनी वर फ्रेमकडे पाहिलं, कोट-टायमधल्या त्या गोऱ्या माणसाकडे, आणि त्यांना वाईट वाटलं.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी कोन कोन हाये?"

"बायको हाये," नमिता म्हणाली. "एक पोरगा. एक पोरगी."

"पोरगी लय रडली असंल."

"हो माय."

"तिले म्हन, चार घास खाऊन घे," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि आपल्या ताटातला भात त्यांनी तिच्यासाठी बाजूला सारून ठेवला.