कापलेल्या जागा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि श्रीपाद कोरान्ने बऱ्याच वेळापासून कामाला बसले होते. उज्जैनच्या माधव नगरातल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कानांवर मोठे हेडफोन चढवून ते स्वतःचेच एक जुने भाषण ऐकत होते. विषय होता ‘शंभर वर्षांनंतरचे घर’. भाषणाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्याच्या मागे कुठे आपली बायको बोललेली सापडते का, ते पाहायचे होते.

बायको, विनोदिनीबाई, समोर बसून मेथी निवडत होत्या. डिसेंबरात इंदूरच्या एका इस्पितळात त्यांचे स्वरयंत्र काढले. कर्करोग होता. गळ्याशी आता एक भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल असतो आणि श्वास तिथूनच येतो-जातो. आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचे बॅटरीचे यंत्र डॉक्टरांनी दिले होते. ते त्यांनी दोन दिवस वापरले, मग फोनवर टाइप करून नवऱ्याला दाखवले, ‘मिक्सर बोलून राहिला आहे’, आणि यंत्र कपाटात ठेवून दिले.

मुलगी निहारिका हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने वडिलांना सांगितले की आता माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते. आईने टाइप करायचे आणि फोनने आईच्या आवाजात म्हणायचे. त्यासाठी जुन्या आवाजाचा नमुना लागेल. दहा-पंधरा मिनिटांचा मिळाला तर उत्तम, पण स्वच्छ हवा. श्रीपादराव म्हणाले, काही अडचण नाही, माझ्याकडे वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग आहेत. तेव्हा त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

श्रीपादरावांचे फ्रीगंजात छोटे दुकान आहे. मागच्या भागात अँप्लिफायर आणि माइकची दुरुस्ती, पुढे मोबाइलची कव्हरे, आणि उत्सवांच्या दिवसांत भाड्याने लाउडस्पीकर. पण शहरातल्या मराठी मंडळींमध्ये त्यांची ओळख दुकानामुळे नाही. मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज सकाळी पाच-सात मिनिटे बोलत. विज्ञान, यंत्रे, पुढचा समाज, जे सुचेल ते. रोबोट कीर्तन करू शकेल, पण तो वेळेवर येईल, म्हणून ते कीर्तन वाटणार नाही. विज्ञानाने आयुष्य वाढवले, पण वाढवलेला सगळा भाग म्हातारपणाला जोडला. आपल्या नातवंडांना रस्ता चुकणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागेल. मशीनला काम द्या, मत देऊ नका.

यातले काही त्यांनी वाचलेले असे, काही दुकानात ऐकलेले, बरेचसे स्वतःचे. निवृत्त तहसीलदार भय्यासाहेब मुळे हा ग्रुप चालवतात. त्यांनी एकदा सर्वांसमक्ष विचारले होते, “कोरान्ने, तुम्ही सायन्स कितवीपर्यंत शिकले?” श्रीपादराव म्हणाले, “जिथपर्यंत लाइट होती तिथपर्यंत.” हे उत्तर अजून सांगितले जाते.

भाषणांचा एक गुण सगळे मान्य करत. आवाज स्वच्छ असे. तरुणपणी श्रीपादराव इंदूरच्या एका स्टुडिओत होते. यात्रेकरूंना विकायच्या भजनांच्या कॅसेट तिथे तयार होत. गायक खोकला, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, की तेवढी टेप ब्लेडने कापायची आणि दोन टोके चिकटवून टाकायची, हे त्यांचे काम. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. स्टुडिओत त्यांना ‘खोकलेकाढे’ म्हणत आणि त्यांना ते आवडे. पुढे ब्लेड गेले, काम संगणकाच्या पडद्यावर आले, पण हात तोच राहिला. रोजचे भाषण ग्रुपवर टाकण्याआधी ते कुकरची शिट्टी काढत, भांडे पडल्याचा आवाज काढत, आणि विनोदिनीबाईंचे मध्येच बोलणे काढत. मग मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकत. टेप महाग होती त्या काळातली ही सवय. तेव्हा एकच टेप पुन्हा पुन्हा वापरली जाई.

विनोदिनीबाई रोज समोर बसत आणि रोज मध्ये बोलत. ‘शंभर वर्षांनंतरचे घर’ या भाषणात श्रीपादराव म्हणतात की पुढच्या काळात घरांमध्ये स्वयंपाकघर असणार नाही. त्यानंतर एक छोटीशी जागा आहे. श्वास घेतल्याचा आवाज सुरू होतो आणि पुरा होण्याआधी पुढचे वाक्य येते. दुसऱ्या कोणाला ते कळणार नाही. श्रीपादरावांना स्वतःचा जोड ओळखू येतो. तिथे विनोदिनीबाईंनी विचारले होते, मग चाय काय अंगणात करणार? हे त्यांना आठवत होते. वाक्य आठवत होते, ते कसे म्हटले गेले ते आठवत नव्हते.

जानेवारीभर ते हेच करत होते. पहाटे उठायचे, जुनी भाषणे एकेक करून ऐकायची. प्रत्येकात जोड सापडत गेले. काही ठिकाणी तिथे काय होते ते आठवले, बऱ्याच ठिकाणी नाही. एका भाषणात ते मोठ्या खात्रीने म्हणतात की लवकरच माणूस जाईल पण त्याचा आवाज जाणार नाही. तिथेही जोड आहे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले होते, आवाज कधीपासून बसला? श्रीपादराव म्हणाले होते, दसऱ्यापासून. विनोदिनीबाईंनी मान हलवून नाही म्हटले होते. आता मागच्या वर्षीच्या भाषणांमध्ये, उन्हाळ्यापासून पुढे, जोड दाट होत गेलेले त्यांना दिसले. वाक्ये कापलेली नव्हती, लहान लहान तुकडे कापलेले होते. तो खोकला होता. महिनोन्‌महिने रोज सकाळी ते तो काढत होते. हे त्यांनी निहारिकाला सांगितले नाही.

दुसरीकडून काही मिळेल का, याचाही शोध झाला. लग्नांच्या व्हिडिओंत बँड होता. विनोदिनीबाई आवाजाचे मेसेज कधी पाठवत नसत. समोर कोणी हूं म्हणायला नसेल तर बोलायचे कोणाशी, असे त्यांचे म्हणणे. मुलीला त्या फोन करत आणि फोनवरचे बोलणे कोणी रेकॉर्ड करत नाही. आजार कळला आणि आठवड्याभरात ऑपरेशन झाले. त्या आठवड्यात रक्त, तपासण्या, इंदूरच्या फेऱ्या. शिवाय तोपर्यंत आवाजाची नुसती कुजबुज उरली होती.

यात एक विचित्र गोष्ट आहे. एके काळी हा आवाज सगळ्या शहराच्या ओळखीचा होता. विनोदिनीबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल नोंदवला की कधी अर्ध्या तासाने, कधी संध्याकाळी फोन वाजे आणि त्या म्हणत, “ग्वालियर लाइन पर है. बात कीजिए.” इंदूरच्या स्टुडिओत बसून उज्जैनला घरी फोन लावताना श्रीपादरावांनी त्यांना पहिल्यांदा ऐकले ते असेच. लग्न पुढे रीतसर पाहून-दाखवून झाले, पण पाहायला गेल्यावर मुलगी बोलली तेव्हाच ती कोण हे त्यांना आवाजावरून कळले होते. मग थेट फोन लागू लागले, ऑपरेटर लागेनासे झाले आणि विनोदिनीबाईंची उरलेली नोकरी बिलांच्या खिडकीमागे गेली. त्या बदलाबद्दल श्रीपादरावांचे एक भाषण आहे. त्यात ते प्रगतीच्या बाजूने बोलले आहेत.

फेब्रुवारीत ते भय्यासाहेबांकडे गेले. तुमच्या फोनमध्ये कुठे हिचा आवाज आहे का, असे विचारले. भय्यासाहेब बराच वेळ ट्रंक कॉलच्या आठवणी सांगत राहिले. त्या आवाजाने आपल्याला वडील गेल्याची बातमी जोडून दिली होती, हेही सांगितले. मग त्यांना नागपंचमी आठवली. त्या दिवशी शहरात यात्रेकरूंची अफाट गर्दी असते आणि श्रीपादरावांचे सगळे लाउडस्पीकर कामाला लागलेले असतात. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी घाईघाईत एक भाषण न कापताच ग्रुपवर गेले होते. भय्यासाहेबांनी त्याखाली ‘आज दोन वक्ते’ असे लिहिले होते. त्यावर श्रीपादरावांनी माफी मागितली होती.

भाषण भय्यासाहेबांच्या फोनमध्ये होते. श्रीपादरावांनी ते तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून ऐकले. यंत्रांना विसरता येत नाही, हीच त्यांची मर्यादा, असे काहीतरी ते सांगत आहेत आणि मागून विनोदिनीबाई म्हणतात, “अहो, दूध पाहून राहिले न? माझ्याकडे काय पाहता, गॅसकडे पहा. गेलं. गेलं पहा सगळं.” आणि हसतात. एवढेच. अर्धे मिनिटही नाही.

पुढच्या रविवारी निहारिका आली. एवढ्या नमुन्यावरही काहीतरी होईल, ती म्हणाली. लॅपटॉपवर तासभर बसून तिने आवाज तयार केला. तिघे टेबलाशी बसले. निहारिकाने टाइप केले आणि फोन म्हणाला, “जेवायला चला, भाजी गार होत आहे.”

आवाजाची पट्टी विनोदिनीबाईंची होती, जाडीही त्यांचीच. पण बोलणारी बाई पुण्याच्या बातम्यांमधली होती. या घरात भाजी कधी गार झाली नव्हती, ती ठंडी होत असे. विनोदिनीबाईंनी फोन जवळ ओढून टाइप केले, ‘ही कोण?’

निहारिकाने वाक्य बदलले. “सब्जी ठंडी होऊन राहिली आहे,” फोन म्हणाला. शब्द आता बरोबर होते. पण नवख्या माणसाने दुकानाची पाटी वाचावी तसे ते आले. विनोदिनीबाईंनी लिहिले, ‘चांगली आहे बिचारी. पाहुणीला चाय द्या.’ आणि उठून खरेच चहा ठेवला. तिघांचाच.

निहारिका वडिलांना म्हणाली की नमुना वाढला तर फरक पडेल, अजून शोधू. श्रीपादराव म्हणाले, अजून काही नाही. इतकी भाषणे आहेत, कुठेच कशी नाही, तिने विचारले. तेव्हा त्यांनी कापल्याचे सांगितले.

“पण कशाला, बाबा?”

“आवाज साफ येत नव्हता.”

निहारिकाने लॅपटॉप मिटला. विनोदिनीबाई गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना ऐकू उत्तम येते.

निहारिका परत गेली. श्रीपादरावांनी तो आवाज फोनमधून काढून टाकला नाही, वापरलाही नाही. शोध थांबला. ऑपरेशनपासून बंद असलेली भाषणे आता सुरू होतील, अशी ग्रुपची अपेक्षा होती. काहींनी तसे लिहिले. एकाने विचारले, यंत्रे माणसाची नोकरी खातील का, यावर काका काय म्हणतात? काकांनी उत्तर दिले नाही. सकाळी ते त्याच टेबलाशी बसत, चहा घेत, पेपर वाचत आणि दुकानात जात. घरात पंख्याचा आवाज असे.

होळीच्या आदल्या आठवड्यात एके सकाळी विनोदिनीबाई माइक घेऊन आल्या. त्यावरची धूळ पदराने पुसली, तो नवऱ्यापुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. श्रीपादराव म्हणाले, काय बोलू, माझं एक तरी खरं निघालं का? बाईंनी फोनवर टाइप करून पडदा त्यांच्याकडे फिरवला. देवनागरीत दोनच शब्द होते.

‘बात कीजिए.’

त्या दिवशी ते यंत्रे आणि नोकऱ्या यांवर बोलले. भाषण फारसे चांगले झाले नाही. एक वाक्य अर्धवट राहिले. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि मेथीच्या काड्या ताटात पडल्याचा बारीक आवाज आहे. त्यांनी काही कापले नाही, तसेच पाठवले.

तेव्हापासून भाषणे पुन्हा रोज येतात. स्वच्छ नसतात. भय्यासाहेबांनी लिहिले, ‘कोरान्ने, तुमच्याकडे बर्तन फार वाजून राहिले.’ श्रीपादरावांनी उत्तर दिले, ‘वाजू द्या.’ ऐकणाऱ्यांची दुसरी तक्रार अशी आहे की बोलता बोलता ते मध्येच थांबतात, चांगले दोन-चार श्वास जातील इतके, आणि मग पुढे बोलतात. काहींना वाटले, त्यांच्या फोनमध्ये दोष आहे. फोनमध्ये दोष नाही. त्या जागी विनोदिनीबाई फोनवर काही लिहीत असतात किंवा नुसत्या पाहत असतात. लिहिलेले श्रीपादराव वाचून दाखवत नाहीत.

उद्या गुरुवार. त्यांच्या गल्लीत नळाची पाळी आहे. पाणी सव्वासहाला येते आणि पिंप स्वयंपाकघरातच आहे. पाण्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून पूर्वी पाळीच्या दिवशी श्रीपादराव पावणेसहालाच भाषण उरकून घेत. उद्याचे भाषण सव्वासहाला आहे.