सुतकातला घण

रुळांच्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या असतात आणि पट्ट्यांना बोल्ट. ते कसणं हे आमचं काम. कळव्याच्या खाडीकाठी खारा वारा, त्यामुळे नट गंजून असे हटून बसायचे की नुसत्या जोराने हलायचं नाव नको. मग एकाने पाना नटावर दाबून बसवायचा आणि दुसऱ्याने पान्याच्या दांड्यावर घण घालायचा. पाना मी धरायचो, घण माझा बाप मारायचा.

ह्या कामाला गाणं लागतं. साहेबलोक गाडीतून जाताना आमच्याकडे बघून हसायचे. त्यांना वाटे, किती मजेत आहेत हे लोक. मजा कसली डोंबलाची! घण बसला की पाना सरकतो. तो पुन्हा नीट बसवायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच लांब आमची ओळ. ‘भरती आयली, होरी लागली, हां.’ होरी म्हणजे होडी. पाना धरणाऱ्याने ती म्हणायची आणि हात बाजूला झाला की मगच शेवटचा ‘हां’ सोडायचा. त्या ‘हां’वर घण. पाना बसत नसला तर मी ‘होरी’ लांबवत राहायचो आणि बाप घण खांद्यावर घेऊन ताटकळायचा. ‘हां’ नाही तर घण नाही, हे गँगमध्ये आल्या दिवशी सांगितलं जायचं.

बापाला सूर नव्हता. आई म्हणायची, ‘बापूस गायला लागला त रूळ वाकतील, तूच गा.’ मी तिचा एकुलता एक मुलगा, तेव्हा माझं तिला कौतुकच.

ती तापाने गेली. घरात सुतक होतं, चूल शेजारीण पेटवत होती, आणि तशात मुकादम दारात येऊन उभा राहिला. पाऊस तोंडावर आला होता, सांधे कसायचे राहिले होते, माणसं कमी. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वाईट वाटून सांधे कसले जात नाहीत. आम्ही गेलो.

मी पाना लावला आणि सवयीने तोंड उघडलं.

‘‘गाना नको,’’ बाप म्हणाला. ‘‘घरान सुतक हाय. आयशीची राख अजून गरम हाय तुजे.’’

मुकादम म्हणाला, ‘‘मग घणही नको. तुम्ही दोघं खडी भरा.’’

‘‘डोले मिटलं तरी मना पोराचा हात दिसतो,’’ बाप म्हणाला.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पाना पुन्हा धरला. मला बापाचं पटलं होतं, ते आजही पटतं. सुतकात तोंडातून गाणं कसं काढायचं? पण गाणं असतं तेव्हा मारणाऱ्याचं मन त्या ओळीत बांधलेलं असतं. ओळ गेली आणि तिथे आई आली. त्याचं मन घरी गेलं, हात मात्र ओळीच्या मापाने चालत राहिले. दोन-तीन नट ठीक कसले गेले. मग पाना सरकला, तो बसवायला मी दांड्यावर बोटं टाकली, आणि घण आला.

मला कल्याणला नेलं. डॉक्टरने उजव्या हाताची शेवटची तीन बोटं काढली. गावातली माणसं भेटायला येत आणि म्हणत, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. त्या म्हणीचा मला अजून राग येतो. वेळ आली होती, आणि ती माझ्या बापावर आली होती. तो माझ्या खाटेजवळ बसून राहायचा आणि मला भरवायचा. भात कालवताना त्याची बोटं भाताकडे असायची, डोळे कुठेच नसायचे.

दहाव्याला डॉक्टर मला सोडायला तयार नव्हता. मी भांडून आलो. आईचं देणं मुलानेच द्यायचं असतं.

खाडीवर भटजींनी दर्भाची अंगठी वळली आणि उजवा हात पुढे करायला सांगितलं. ती करंगळीशेजारच्या बोटात घालतात. मी फडक्यात बांधलेला हात पुढे केला. भटजी ती अंगठी चिमटीत फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘मनगटाला बांधू या. चालतं.’’

बाप उठला. तोच बांधायला लागला, पण गाठ ओढताना दर्भ तुटला. दुसरा आणला, तोही तुटला. मग भटजींनी त्याला हलकेच बाजूला केलं. पिंड मी डाव्या हातानेच उचलला. माझी आई, आणि तिला मी डाव्या हाताने देत होतो.

परतताना बांधावर बाप थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

‘‘माजे वेलेला कसा करशील?’’

‘‘असाच. डाव्या हाताने देईन, बा.’’

‘‘डावे हातचा पोचत नाय, पोरा,’’ तो म्हणाला. ‘‘आन् मना पोचायलाच नको.’’