चौऱ्याण्णव नावांचा धनी

पाटीवाल्याकडे चौऱ्याण्णव नावं होती आणि त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नव्हतं.

दुकानात तो दारांवरच्या पाट्या कोरायचा. डॉक्टर, वकील, शिकवणी वर्ग, 'कुत्र्यापासून सावध', 'जोडे बाहेर काढा', जे येईल ते. वीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरून त्याचं पक्कं मत झालं होतं की अन्न, वस्त्र, निवारा यांच्यानंतर माणसाला लागते ती पाटी. गिऱ्हाइकं त्याला पाटीवाले म्हणत, बायको 'अहो' म्हणे आणि दोन गल्ल्या पलीकडे बेकरी चालवणारी थोरली बहीण चारचौघांत 'बाळ्या' म्हणे. वय वर्षं सत्तेचाळीस.

इंटरनेटवरचं पहिलं नाव त्यानं घेतलं ते ताईच्या बेकरीचं. नाव आणि पुढे साधं डॉट कॉम. "तू भट्टी सांभाळ, हे माझ्यावर सोड," असं म्हणून स्वतःच्याच खात्यात घेतलं, त्याला एक ईमेल जोडून दिला. ताईनं तो पत्ता खोक्यांवर छापला, पिशव्यांवर छापला, गाडीच्या मागच्या दारावर रंगवून घेतला. तिच्या लेखी विषय संपला. त्याच्या लेखी तिथूनच सुरू झाला.

कारण मग शेपट्या आल्या.

शेपटी हा त्याचा शब्द. पूर्वी नावामागे डॉट कॉम, डॉट नेट अशा चार-दोन शेपट्या लागायच्या. मग कुठल्याशा वरच्या मंडळींनी फाटक उघडलं आणि मेंढरं सुटावीत तशा शेपट्या सुटल्या. डॉट शॉप, डॉट क्लब, डॉट पिझ्झा, डॉट गुरू. हजाराच्या वर! पाटीवाल्याला जिकडंतिकडं कोऱ्या पाट्या दिसायला लागल्या. आज ना उद्या प्रत्येक सुताराला इंटरनेटवर दार लागणार. लागणार की नाही? मग ते नाव आधीच घेऊन बसलेल्या माणसाच्या पायरीवर त्याला यावं लागणार. येणार की नाही? असा हिशोब मांडून त्यानं 'सुतार डॉट निन्जा' घेतलं.

"निन्जा कशाला रंधा मारेल?" बायको म्हणाली.

"अगं, ऐकायला भारी वाटतं."

"कुणाला? सुताराला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. पुढे दुकानाचं कपाट दुरुस्त करायला सुतार आला तेव्हा विचारलं. तो तोंडात खिळे धरून म्हणाला, "मालक, माझा नंबर लोकांना पाठ आहे."

नऊ वर्षं झाली. 'चष्मे डॉट क्लब', 'फरशी डॉट गुरू', 'हजामत डॉट शॉप' अशी नावं साठत गेली. नाव एकदा घेतलं की संपलं असं नसतं, दर वर्षी नव्यानं भाडं भरावं लागतं, तेव्हा पाटीवाला दर वर्षी भाडं भरत राहिला आणि घरी कुणी आलं की छाती काढून सांगत राहिला, "चौऱ्याण्णव नावं आहेत आपल्याकडे." त्यात ताईच्या बेकरीचंही धरलेलं असायचं. आकडा तेवढाच गुबगुबीत.

विकलं मात्र एकही नाही. आणि यंदा बातमी आली की नव्या शेपट्यांची आणखी एक खेप येणार. बायकोनं कपाळाला हात लावला. "आहेत त्यांच्यावर माशी बसेना आणि म्हणे नव्या येतायत!" एवढं बोलून ती थांबली, पण पाटीवाल्याचा हिशोब थांबेना. हजार शेपट्यांत एक नाव विकलं जात नाही, मग दोन हजारांत काय जाणार?

अशात दलालाचा फोन आला. या दलालाचं प्रत्येक बोलणं 'म्हणजे बघा ना'नं उघडायचं आणि 'समजा झालंच'नं मिटायचं. "म्हणजे बघा ना पाटीवाले, पलीकडची पार्टी एकेक नाव घेत नाही. लॉट घेते. तुमची यादी पाठवा, समजा झालंच."

यादी पाठवली. पार्टीला पसंत पडली. एकच अट, लॉटमधलं एकही नाव कमी पडलं तर सौदा रद्द. कागदावर लिहिलं होतं 'एकूण नावे चौऱ्याण्णव' आणि तो आकडा पाटीवाल्याला इतका ओळखीचा, इतका घरचा वाटला की त्यानं डोळे मिटून सही केली. खात्यात जाऊन यादीच्या माथ्यावरच्या 'सगळे निवडा' या चौकोनात टिचकी मारली. चौऱ्याण्णव खुणा टकाटक उमटल्या. बायकोनं नव्या कोरण्याच्या मशीनचं चित्र भिंतीला चिकटवलं, कारण जुनं मशीन दर तिसऱ्या अक्षराला खोकायचं. "सुटलो एकदाचे," ती म्हणाली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर हसली.

सोमवारी दुपारी मेल आला. 'आपल्या खात्यातून पुढील नावे दुसरीकडे जात आहेत. मान्य असल्यास काहीही करण्याची गरज नाही. मान्य नसल्यास शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत नकार कळवावा. त्यानंतर नावे परत मिळणार नाहीत.' खाली यादी. स्टेशनावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजावेत तशा मजेत पाटीवाला यादी वाचत गेला. एकसष्टाव्या डब्यावर ताईची बेकरी होती.

आधी त्याला वाटलं, चुकून वाचलं. चष्मा पुसला. फोन पुसला. बेकरी तिथंच.

तो स्टुलावर बसला आणि लगेच उठला, कारण बसल्यावर जास्त भीती वाटत होती. काहीही करण्याची गरज नाही! नुसतं गप्प बसून राहिलं की बहिणीच्या दुकानाची पाटी उतरणार, आणि नुसतं गप्प बसून राहणं त्याला जन्मात कधी अवघड गेलं नव्हतं. नकार कळवायचा तर प्रत्येक नावापुढे एक लाल बटण होतं. एकसष्टाव्याचं दाबलं की बेकरी वाचली. आणि सौदा मेला. मशीन मेलं, बायकोचं हसू मेलं, उरलेली त्र्याण्णव नावं पुन्हा गळ्यात.

मंगळवारी एका दंतवैद्याची पाटी मशीनवर होती. पाटीवाल्याचं एक बोट मशीनवर आणि दुसरं फोनवर. मशीन खोकलं, ॲक्रिलिकची पाटी कडकन उभी चिरली.

"दोन दिवसांत दोन पाट्या फोडल्यात," बायको म्हणाली. "बरं नाही का?"

"बरंय."

"मग घाम का फुटलाय?"

"उकडतंय."

पंखा त्याच्याच डोक्यावर होता. ती पंख्याकडे बघून आत गेली.

बुधवारी त्यानं एक युक्ती काढली. शेपट्या काय कमी आहेत? डॉट कॉम गेलं तर ताईला डॉट शॉप लावून देऊ. तिला तसंच गोड गोड विचारू. बेकरीत गेला तेव्हा ताई एका आजोबांना पाव बांधून देत होती.

"ये बाळ्या. तोंड का असं? भट्टीत विसरलेल्या पावासारखं?"

आजोबा हसले. पाटीवाल्यानंही हसून घेतलं. आजोबा जाईपर्यंत थांबला. "ताई, समजा, नुसतं समजा हां, आपल्या बेकरीचं इंटरनेटवरचं नाव जरासं बदललं तर?"

"का? जुन्याला काय धाड भरलीय?"

"तसं नाही गं. हल्ली नव्या शेपट्यांची फॅशन आहे."

"फॅशन! माळ्यावर दोन वर्षं पुरतील एवढी खोकी छापून पडलीत. त्यांच्यावर तू बसून चिठ्ठ्या चिकटवणार का? आणि हॉस्पिटलचं उत्तर यायचंय त्याचं काय?"

"कसलं उत्तर?"

"घ्या! मागच्या आठवड्यात काय भिंतीशी बोलत होते मी? रोज चारशे पाव. शनिवारी मेल येणार, त्याच पत्त्यावर. हो म्हणाले तर ही भिंत पाडून दुसरी भट्टी. गवंडी रोज विचारून जातोय, पाडू का, पाडू का." मग ती ओल्या फडक्यानं काउंटर पुसता पुसता सहज म्हणाली, "तुझे ते निन्जा-फिन्जा काही असू देत, पण एवढं एक काम तू खरंच चांगलं केलंस. लोक त्या पत्त्यावरून शोधत येतात बघ."

पाटीवाला घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही.

गुरुवारी सकाळी धीर करून त्यानं दलालाला फोन लावला. एक नाव चुकून आलंय, ते तेवढं वगळा, वाटल्यास सौदा थोडा उतरवा.

"कुठलं?"

त्यानं सांगितलं. दलाल हसायला लागला. वाईट नाही हसला, काका लहान पुतण्याला हसतात तसा हसला. "म्हणजे बघा ना पाटीवाले, लॉटमध्ये चालतं नाव ते एकच आहे."

"एकच?"

"स्पष्ट बोलू का? बाकीचं पॅकिंग. म्हणजे बघा ना, हे नाव जुनं, माणसं रोज तिथं जातात. पार्टी तिथं जाहिराती लावेल, नाहीतर ज्याची बेकरी आहे त्यालाच चढ्या भावात देईल."

"ती बहीण आहे हो माझी!"

"मग तर नक्कीच घेईल. समजा झालंच!"

पाटीवाल्यानं फोन ठेवला. नऊ वर्षं ज्यांना माणकं-मोती म्हणून जपलं ते पॅकिंग, आणि माणिक होतं ते ताईच्या पावाच्या खोक्यावर. त्याला राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तिच्या मागोमाग पुन्हा भीती, पहिल्यापेक्षा मोठी. पार्टी ताईकडेच जाणार. म्हणजे ताईला कळणारच. कुणाकडून, एवढंच ठरायचं होतं.

दुपारी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं भिंतीवरच्या मशीनच्या चित्राकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "दाबा ते लाल बटण आणि गप्प बसा. ताईंना कळायचंही कारण नाही."

"दाबतो."

"आत्ता दाबा."

"दाबतो म्हटलं ना."

शुक्रवारचे चार वाजले तरी दाबलं नव्हतं. बोट बटणापर्यंत जाई आणि गरम तव्याला लागल्यासारखं मागे येई. नऊ वर्षांतला एकुलता एक सौदा! कुणी सांगावं, दलाल थापा मारत असेल, 'हजामत डॉट शॉप'साठीच पार्टी आतुर असेल. असलं काहीतरी मनात येत होतं आणि ते येतंय याचीच त्याला धडकी भरली. साडेचारला त्यानं शटर ओढलं आणि फोन हातात धरून, सांडणाऱ्या वाटीसारखा जपत, बेकरी गाठली.

ताई कोपरापर्यंत कणकेत होती. "तूच दाब," तो म्हणाला आणि फोन पुढे केला.

"काय दाबू? चष्मा नाही माझ्याकडे. वाच."

मग त्याला वाचावं लागलं. मेलचा शब्द न् शब्द, स्वतःच्या तोंडानं. मध्ये 'फरशी डॉट गुरू', मग ताईची बेकरी, मग 'बिछाना डॉट क्लब'.

"म्हणजे तू माझं दुकान विकलंस."

"चुकून गं. सगळे निवडा म्हणून एक चौकोन असतो—"

"किती वाजेपर्यंत?"

"सहा."

"आत्ता?"

"पाच वाजत आलेत."

"आणि तुला कळलं कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी." तिनं कणीक खाली ठेवली. "बुधवारी इथं उभा राहून फॅशन म्हणालास."

पाटीवाल्यानं मान हलवली. ताईनं नळ सोडला आणि हात धुतले. बोटांच्या बेचक्यातनं, नखांच्या कडांनी, इतके सावकाश की पाटीवाल्याला दर सेकंदाला सहा वाजल्यासारखं वाटत होतं. हात पुसून तिनं फोन घेतला, तो लांब धरून लाल बटण शोधलं आणि दाबलं. 'आपला नकार नोंदवला आहे.' ते पाटीवाल्यानंच वाचून दाखवलं.

पाच मिनिटांत दलालाचा फोन. पाटीवाला नुसता बघत राहिला, ताईनं उचलला. "कोण? त्याची बहीण बोलतेय. हो, मीच दाबलं. बघितलं ना तुम्ही? मग झालं." आणि ठेवला.

"आता हे माझ्या नावावर कर."

"करू ना, उद्या निवांत—"

"आत्ता."

"ताई, त्याला वेगळं खातं लागतं, पासवर्ड लागतो, दर वर्षी लक्ष ठेवावं लागतं, उगाच तुला ताप—"

"रोज पहाटे भट्टी लावते मी, एकही दिवस विसरले नाही. कुठं काय दाबायचं ते सांग."

त्यानं सांगितलं. ती एका बोटानं टाइप करत गेली. नाव, पत्ता, फोन. प्रत्येक रकान्याशी थांबून त्याच्याकडे बघे, तो मान डोलावे, मग पुढे. एका जागी ती बराच वेळ थांबली.

"इथं पासवर्ड," तो म्हणाला. "सोपा नको. आकडे घाल त्यात."

"तोंड तिकडं कर."

"अं?"

"तिकडं. भिंतीकडे."

पाटीवाला वळला. समोर रिकामे ट्रे एकावर एक रचून ठेवलेले. मागे बोटाचा टक, बराच वेळ काही नाही, पुन्हा टक. एकदा ताई "च्!" म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झालं. ही विसरणार, त्याच्या मनात आलं. विसरली आणि उद्या हॉस्पिटलचा मेल अडकला तर?

"ताई, कुठंतरी लिहून तरी ठेव."

"ठेवीन."

"कुठं ठेवशील?"

टक. टक. मग आवाज थांबला.

"झालं? वळू?"

"थांब," ताई म्हणाली, आणि तो तसाच ट्रेंकडे तोंड करून उभा राहिला.