बेसिनखालची राख

मे महिना, साल २००२, रविवार, सकाळचे साडेनऊ. जागा महाडच्या आमच्या घराचं बाथरूम, पहिला मजला. हजर: मी, पाना घेऊन. यजमान, टॉर्च घेऊन. सासूबाई, दारात स्टुलावर, काळा चष्मा लावून. खालच्या मजल्यावरच्या भाभी, कारण पाना त्यांचा होता. गैरहजर: प्लंबर. तो गेले तीन दिवस आमच्याकडे यायला निघालेला होता.

काम साधं होतं. बेसिनखालून पाणी ठिबकत होतं आणि फरशी सारखी ओली राहायची. एरवी मी खाली डबा ठेवून महिना काढला असता. पण सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, आणि डाव्याची तारीख येत्या गुरुवारची होती. शुक्रवारी पहाटे त्या ओल्या फरशीवर घसरल्या. दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या आपल्या वाडीवर परत जायचं म्हणत होत्या. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथे त्यांची एक गाय, चार शेळ्या आणि त्या सगळ्यांना नीट न सांभाळणारी जाऊ. मात्र जाण्याचं कारण त्या गाय सांगत नव्हत्या. माझ्यापायी तुमच्या घराला त्रास, एवढंच म्हणायच्या. एकदा वर गेल्या की भाताची कामं उरकेपर्यंत त्या उतरत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे डावा डोळा राहिला.

म्हणून शनिवारी मी कागदावर लिहिलं: गळती बंद करणे, फरशी कोरडी करणे, आईंकडे कारण उरू न देणे. पुढे सामान: वॉशर, दोरा, सांध्याला लावायचा सफेदा, जुनं फडकं. सामान शनिवारीच आणलं.

बेसिनखाली बाटलीसारखा एक पितळी भाग असतो. त्याची खालची वाटी फिरवून काढायची, साचलेला गाळ काढायचा, वॉशर बदलायचा, वाटी परत बसवायची. दुकानदाराने हे मला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा यजमानांना सांगितलं, कारण ते पुरुष होते. यजमानांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर टॉर्च घेतला.

वाटी सुटायला वीस मिनिटं लागली. आत केस नव्हते, साबण नव्हता. राखाडी रंगाचा, सिमेंटसारखा घट्ट गोळा होता आणि त्यातून नारळाच्या शेंडीचे धागे बाहेर आले होते. मी पाहिलं आणि ओळखलं. सासूबाईंचा पितळी तांब्या वाडीवरून त्यांच्याबरोबर आला होता, आणि चुलीतल्या राखेचा डबाही. आमची पावडर त्या तांब्याला चालत नाही. सूनबाईला काम नको म्हणून रोज पहाटे आम्ही उठायच्या आत त्या तो राख आणि शेंडीने या बेसिनमध्ये घासत होत्या. तीन आठवडे.

यजमानांनी टॉर्च जवळ आणला. "ही राख कुठली आली इथे?"

मी त्यांच्या पायावर कोपर दाबलं. ते म्हणाले, पाय दुखतोय. मी मोठ्याने सांगितलं की सगळ्यांच्याच बेसिनमध्ये असं साचतं. भाभींनी लगेच दुजोरा दिला, आमच्याकडे तर याहून जास्त निघतं म्हणाल्या. भाभींकडे भांडी घासायला स्टीलची घासणी होती.

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. दारापासून बेसिन चार हात लांब होतं. महिन्यापूर्वी त्यांना तेवढ्या अंतरावरून मीही धड दिसत नव्हते.

"माजीच राख हाय ती," त्या म्हणाल्या. "शेंडी पन माजी. दिसतंय मला."

त्यांनी चष्मा घडी करून मांडीवर ठेवला. मी काम चालू ठेवलं, कारण दुसरं काय करावं ते कळेना. गाळ काढला, वॉशर बदलला, वाटी बसवली, नळ सोडला. ठिबक आधीइतकीच. राख आट्यांतही शिरली होती, वाटी घट्ट बसेना. मग आट्यांना सफेदा लावला, त्यावर दोरा गुंडाळला, पुन्हा वाटी बसवली. दोरा लोंबून खाली आला आणि पाणी त्याच्यावरून ओघळलं. तिसऱ्यांदा तेच झालं.

"उलटं गुंडाळतेस गो," सासूबाई म्हणाल्या. "वाटी फिरते तिकडंच सूत फिरव. नायतर आवळशील तसं सुटनार."

त्यांचा जन्म गुरांची दावी वळण्यात गेला होता. मी दोरा काढला, वाटी फिरते त्या दिशेने गुंडाळला, वाटी आवळली. नळ पूर्ण सोडला. एक थेंब पडला नाही. यजमानांनी टॉर्च बंद केला आणि आपण जिंकलो असं जाहीर केलं.

मी फडक्याने फरशी पुसली आणि आईंना म्हटलं, आता घसरायची भीती नाही, राख मी बाहेर मोरीवर ठेवते, गुरुवारी डावा डोळा करून घेऊ. भाभी म्हणाल्या, उजवा एवढा लखलखीत झालाय, दुसरा कशाला सोडायचा?

सासूबाईंनी बेसिनशेजारचा आपला तांब्या उचलून पदराला पुसला.

"एका डोळ्यानं हिचं उलटं सूत दिसलं मला. दुसरा कशाला पायजे?"

यजमानांनी समजावून पाहिलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, खर्च आधीच झालाय असं खोटंही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि पिशवीत लुगडी भरत होत्या. डोळा चांगला झालाय हे मीच तीन आठवडे सगळ्यांना सांगत होते.

सोमवारी सकाळच्या एसटीने मी त्यांना पोलादपूरला नेलं. स्टँडवर वाडीकडचे दोघे भेटले, त्यांच्याबरोबर त्या वर चढल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "तुज्या ब्लाउजचं मागचं बटान सुटलंय." सुटलं होतं. घरी येऊन मी फोन केला आणि गुरुवारची तारीख पावसाळ्यानंतर करून घेतली.

पावसाळे बरेच होऊन गेले. आम्ही वर गेलो की त्या उजव्या डोळ्याने सुईत दोरा ओवून दाखवतात, आणि डाव्या बाजूने कोणी आलं तर आवाज ऐकून ओळखतात. डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे.