तिसऱ्या नंबरला कोण घ्यायचं

जगातल्या प्रत्येक माणसाची निवड चुकीच्या माणसांनी केलेली आहे, असं ठामपणे मानणारे एकच गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. मामा हाडांचे डॉक्टर. नागपुरात शिकले, तरुणपणी इकडे आले आणि अमेरिकेतल्या आमच्या या थंडगार शहरात त्यांनी उभी हयात लोकांचे गुडघे आणि खुबे बदलण्यात घालवली. हॉस्पिटलातली विभागप्रमुखाची खुर्ची त्यांच्या डोळ्यांदेखत दोन-तीनदा रिकामी झाली, आणि दर वेळी तिच्यावर ज्याचा हात मामांपेक्षा कमी आणि तोंड मामांपेक्षा गोड असा कोणीतरी येऊन बसला. हे मामा स्वतः कधीच सांगत नाहीत. मामी सांगतात, तेही मामा आंघोळीला गेल्यावर. मामा सांगतात ते एवढंच: "निवडणारे गाढव असतात, निवडले जाणारे दुर्दैवी असतात, आणि पाहणाऱ्यानं तिकीट काढलेलं असतं."

या तत्त्वज्ञानाला मोकळं रान मिळालं ते बास्केटबॉलमध्ये. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर जूनमध्ये इथल्या सगळ्या टीम पाळीपाळीनं, दोन फेऱ्यांत, नवी कोवळी पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. जी टीम वर्षभर जास्त हरलेली असते, तिची पाळी साधारणपणे आधी येते. म्हणजे हरण्याचं बक्षीसच म्हणा. आमच्या शहराची टीम इतक्या निष्ठेनं हरत आली आहे की आमचा नंबर कायम वरचा. आणि त्या नंबरची दर वर्षी माती होते, असं मामांचं म्हणणं. इतरांच्या घरी मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्यांचे बेत चालतात. मामांच्या बेसमेंटमध्ये 'तिसऱ्या नंबरला कोण घ्यायचं' यावर खल चालतो. आम्हा जावयांना आणि मित्रमंडळींना आमरसाच्या नावानं बोलावलं जातं, डब्यातला रस वाट्यांत ओतला जातो, आणि पुरीचा पहिला घास तोंडात जायच्या आत मामा विचारतात, "हं, जावईबापू, काय म्हणता? उंच पोरगा घ्यायचा, नेमबाज घ्यायचा, का नंबरच दुसऱ्या टीमला देऊन त्याच्या बदल्यात तयार खेळाडू आणायचा?" तुम्ही यातलं काहीही म्हणा, मामा त्याच्या विरुद्ध. एकदा मी वैतागून त्यांनी गेल्या रविवारी मांडलेलं मत शब्दन् शब्द त्यांनाच ऐकवलं. त्यांनी तेही खोडून काढलं, आणि वर म्हणाले, "हे तुमच्या डोक्यात कोणी भरवून दिलं बाप्पा?"

ही खोड बास्केटबॉलपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण मामा देशी दुकानात भाजी घ्यायला गेले तरी भेंडीच्या ढिगापुढे उभे राहून म्हणणार, "ही आज घेतली की गवारीची संधी गेली." महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षाची निवड झाली, तेव्हा नव्या अध्यक्षांच्या सत्काराचं भाषण मंडळानं मोठ्या विश्वासानं मामांकडे दिलं. मामांनी न निवडल्या गेलेल्या चौघांचे गुण इतक्या पोटतिडकीनं सांगितले की शेवटी हार कोणाच्या गळ्यात घालायचा असा प्रश्न पडला. तेव्हापासून मंडळात मामांना फक्त जेवायला बोलावतात, आणि तेही माइक काढून ठेवल्यावर. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बायकोच्या घरचं वडीलधारं माणूस म्हणून मला बघायला मामाच आले होते. शिक्षण, पगार, व्हिसा यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मला हात पसरून उभं राहायला सांगितलं, एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत नजरेनं माप घेतलं आणि विचारलं, "डाव्या हातानं काय काय येतं?" मग माझ्यादेखत भाचीला म्हणाले, "पहिल्या फेरीतला नाही. पण दुसऱ्या फेरीत असा कोणी शिल्लक असेल तर सोडू नये." लग्न झालं. पण सासुरवाडीला काही बोलणं झालं की 'दुसरी फेरी' हे दोन शब्द अजून माझ्या कानावर येतात, आणि ते गमतीनं म्हटलेले असतात यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

मामांशी बरोबरीनं भांडू शकेल असं एकच माणूस होतं. त्यांची मुलगी, केतकी. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती बेसमेंटमधल्या त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि बापाच्या प्रत्येक वाक्याला "व्हाय?" विचारायची. इतर घरांत बाप-लेकींमध्ये अभ्यासावरून, मित्रांवरून, रात्री कधी घरी यायचं यावरून वाद होतात. या दोघांत असले वाद कधी झाले नाहीत, कारण त्यासाठी वेळच नव्हता. मामांना 'कशी आहेस' म्हणता येत नाही. फोन केला की ते थेट विचारत, "त्या उंच पोराचं काय वाटतं तुला?" आणि ती तासभर बोलत राही. त्या तासात ती कशी आहे हे त्यांना कळत असे. कसं ते मला विचारू नका.

केतकी संख्याशास्त्र शिकली, आणि एके दिवशी आमच्याच टीमच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. खेळाडूंचा अभ्यास करून कोणाला घ्यावं याचा सल्ला देणाऱ्या चमूत. मामींनी पेढे केले. मामा पेढा खात म्हणाले, "चला, गाढवांत एक माणूस गेलं." केतकी हसली नाही. "बाबा, आय अ‍ॅम सीरियस," ती म्हणाली. "आता ड्राफ्टबद्दल मी घरी काही बोलणार नाही. तुम्ही विचारायचं पण नाही." मामांनी मान डोलवली. त्यांना वाटलं, बाहेरच्यांसाठी हा नियम आहे.

ती खरंच बोलेनाशी झाली. ती रविवारी यायची, जेवायची, हवेबद्दल बोलायची, आईला भांडी लावू लागायची आणि जायची. मामा तिच्याभोवती घुटमळत राहायचे. ज्या एका रस्त्यानं दोघांचं येणंजाणं होतं, तोच बंद झाला होता आणि दुसरा त्यांनी कधी बांधलाच नव्हता. मग त्यांनी सगळा भार रेडिओवर टाकला. आमच्या शहरात सकाळी खेळांवर गप्पांचा एक कार्यक्रम असतो, श्रोते फोन करून मतं देतात. मामा तिथले जुने गिऱ्हाईक. सूत्रधार त्यांना 'डॉक' म्हणतो आणि त्यांचा फोन आला की मागे अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजवतो. लोक हसतात. मामांना तो मान वाटतो. फोन लागला की ते उभे राहून बोलतात, आणि मामींनी मिक्सर बंद ठेवायचा असतो.

त्या जूनमध्येही आमचा नंबर तिसरा होता. सगळ्या गावाला एक परदेशी उंच पोरगा हवा होता. मामांना हवा होता चार वर्षं कॉलेज पुरं केलेला एक बुटका नेमबाज. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. फादर्स डेच्या दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. केतकीही आली होती. मामांनी काही विचारलं नाही. वचनाला ते जागले. फक्त श्रीखंड वाढता वाढता ते एकेक नाव घेत गेले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत गेले. पेशंटचा पाय हातात घेऊन 'इथं दुखतं? आणि इथं?' करत दाबत जावं तसं. केतकी ताटात बघून जेवत होती. शेवटी बुटक्याचं नाव आलं. "याला तर तुम्ही घेणारच नाही," मामा म्हणाले. "तेवढी अक्कल तुमच्यात असती तर काय पाहिजे होतं." आणि केतकी हसली. अगदी नकळत, ओठाच्या कोपऱ्यात. मामांचा डाव श्रीखंडात तसाच राहिला. उरलेल्या जेवणात ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्या आम्हा सगळ्यांना तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी गाडीत तोच कार्यक्रम ऐकत होतो. भोंगा वाजला, आणि मामांचा आवाज आला. आमची टीम बुटक्याला घेणार, त्यांनी सांगून टाकलं. सूत्रधारानं विचारलं, "डॉक, इतकी खात्री कशी?" मामा क्षणभर थांबले. त्या क्षणात मी गाडीत एकटाच 'नको मामा, नको' म्हणत होतो. पण सगळा जन्म 'मी म्हटलं होतं' असं नंतर म्हणण्यात गेलेल्या माणसाला ते आधी म्हणायची संधी मिळाली होती. इंग्रजीत, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून ते म्हणाले, "माझी मुलगी तिथे काम करते."

पुढचं भराभर झालं. दुपारपर्यंत ते वाक्य सगळ्यांच्या फोनवर होतं. ड्राफ्टच्या दिवशी आमच्या मागच्या एका टीमनं दुसऱ्या नंबरवाल्यांशी सौदा केला, आमच्या पुढे उडी मारली आणि बुटक्याला उचललं. ते त्या वाक्यामुळे की त्यांचं आधीच ठरलं होतं, हे कोणालाच कधी कळणार नाही. आमच्या टीमनं उंच पोरगा घेतला. आणि त्याच आठवड्यात केतकीला ऑफिसात बोलावून, कामावरून काढताना सांगितलं की तुमच्यावर आमचा संशय नाही, पण तुमच्या घराला तोंड आहे.

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा मी आणि बायको तिथेच होतो. ती ओरडली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, आम्ही त्याला घेणारच नव्हतो. आमच्या यादीत तो कुठेच नव्हता." मामा म्हणाले, "मग तू हसलीस का?" "कारण तुम्ही मला पुन्हा मूर्ख म्हणालात," ती म्हणाली. "आय मिस्ड इट. सो मच." मग ती गेली. त्या घटकेला मामांनी चार पावलं तिच्यामागे जायला हवं होतं. ते गेले नाहीत. ते म्हणाले, "बुटक्याला घेत नव्हते म्हणजे चुकतच होते." मामी टेबल पुसत होत्या. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमच्या टीमनं आजवर चुकीचीच माणसं निवडली, असं तुम्ही म्हणता," त्या म्हणाल्या. "या वेळी तुमच्यापुढे रेडिओ होता आणि मुलगी होती. तुम्ही काय निवडलंत ते बघा." इतकं कडू बोलताना मी मामींना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

केतकी दुसऱ्या राज्यात गेली आणि एका विमा कंपनीत लागली. लोकांच्या घरांना आग लागण्याची शक्यता किती, याचा हिशेब ती आता करते. आईला फोन करायची. बाबांशी बोलायची वेळ आली की तिला दुसरा फोन यायचा. मंडळात मामांची चेष्टा सुरू झाली. ज्यांना फ्री थ्रो म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, ते लोक जेवणाच्या रांगेत त्यांना गाठून विचारायचे, "काय डॉक्टर, आतली बातमी काय?" मामा वाटी पुढे करून गप्प उभे राहायचे. बेसमेंटमधले रविवार संपले. आम्हाला वाटलं होतं की मामा गप्प झाले तर सुटलो. पण त्यांच्या घरी गेलं की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आणि मीच मुद्दाम काहीतरी अडाणी मत मांडायचो. ते म्हणायचे, "असेल बाप्पा." त्या 'असेल'ला काय करायचं ते मला समजायचं नाही.

गेल्या जूनमध्ये मामींनी मला फोन केला. "यांना केतकीकडे जायचं आहे, पण विमानानं नको म्हणतात. गाडीनं न्याल का?" विमानानं गेलं की लवकर पोचतो, हे खरं कारण असावं. वाटेत मामा एकदाच बोलले, तेही टोलनाक्यावर, आणि ते टोलबद्दलच होतं. केतकीनं दार उघडलं, वाकून नमस्कार केला, चहा केला. बारीक झाली होती. तिच्या घरात एकच खोली मोठी, त्यात एक टीव्ही. संध्याकाळी तिनं स्वतःच तो लावला. ड्राफ्ट चालू होता. मामा चष्म्याची काच पुसत बसले. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक पोरगा नवी टोपी घालून रडत आईला मिठी मारत होता. केतकी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाला घेतलं असतं?"

मामा म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं देव पाण्यात घातले होते. ती माफी होती. त्यांच्याजवळ होती तेवढी सगळी त्यांनी त्यात घातली होती. केतकी "ओके" म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. तिला माफी नको होती. पण हे मामांना कोण सांगणार? थोड्या वेळानं तिनं टीव्ही बंद केला आणि अंथरुणं घातली.

सकाळी आम्ही निघालो. मामा गाडीत बसले, पट्टा लावला, समोर बघू लागले. केतकी चपला अडकवून खाली आली. प्रवासासाठी केलेल्या सँडविचचा डबा तिनं माझ्याकडे दिला, मग वळसा घालून मामांच्या बाजूला गेली आणि काचेवर टकटक केलं. मामांनी काच खाली केली.

"काल पहिल्या नंबरला घेतलेला तो मुलगा," ती म्हणाली. "स्टेजवर चढताना बघितलंत? डाव्या घोट्यात काहीतरी आहे."

मामा समोरच बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा 'असेल' म्हणतील.

"उजव्या," मामा म्हणाले.

"नो वे. डाव्या."

"डावा घोटा दुखला तर माणूस खांदा असा टाकेल का?" म्हणत मामांनी पट्टा सोडला आणि खाली उतरले. तिथेच, त्या पार्किंग लॉटमध्ये, माझे निवृत्त मामेसासरे खांदा टाकून लंगडत चालून दाखवू लागले, आणि केतकी त्यांच्यामागून दुसऱ्या पायानं लंगडत जाऊ लागली. कुत्रं फिरवायला निघालेला एक माणूस थांबून बघत राहिला. ऊन अजून कोवळं होतं. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.